हातबदल

आरेच्या चढावर गिअर पडला नाही. म्हणजे हर्षदने अंगठा दाबला, सवयीने पेडलवरचा पाय हलका केला, आणि साखळी मागच्या मोठ्या चक्रीवर चढताना येतो तो ओळखीचा ‘टक’ आवाज आलाच नाही. त्याने पुन्हा दाबलं. उजव्या मुठीखालचा तो बोटभर लांबीचा काळा खटका जरासा हलला आणि थांबला. सायकल जडच राहिली, मांड्या भरून आल्या आणि चढ संपायच्या आतच त्याला उतरावं लागलं. मागून येणाऱ्या बेस्टच्या बसने हॉर्न दिला म्हणून तो कडेला सरला. तबेल्यांकडून शेणाचा ओला वास येत होता. पुढे गेलेला मितेश वळून खाली आला. मितेश शेजारच्या विंगमधला, तिशीतला, चकचकीत हेल्मेट आणि पोटाला घट्ट बसणारी जर्सी घालणारा. दर रविवारी घाटकोपरहून पवईमार्गे आरेत येणारी ही जोडी होती. “काय झालं?” त्याने विचारलं. “गिअर पडत नाही यार,” हर्षद म्हणाला. मितेशने खटक्याला हातसुद्धा लावला नाही. बाटलीतलं पाणी पीत पीतच म्हणाला, “ग्रीसची वाट लागली असणार. कंपनीतून भरलेलं ग्रीस चारपाच वर्षांत सुकतं ना, मग चिकटतं आतमध्ये. सगळ्यांचं होतं. घरीच खोल, अर्ध्या तासाचं काम आहे, मी व्हिडिओ पाठवतो.” सगळ्यांचं होतं, हे ऐकून हर्षदला इतकं बरं वाटलं की तो चढावरच हसला. मितेशला वाटलं, काका दमले.

परतीच्या वाटेवर तो जड गिअरमध्येच पेडल मारत राहिला आणि मितेशचं वाक्य मनात घोळवत राहिला. ग्रीस सुकतं. किती साधी, किती शहाणी गोष्ट. गेल्या महिन्यापासून त्याच्या बाबतीत ज्या ज्या लहानसहान गोष्टी घडत होत्या, त्या प्रत्येकीला त्याने असंच एकेक साधं कारण शोधून दिलं होतं. शर्टाचं वरचं बटण काजात जाईना, तर शिंप्याने काज लहान ठेवलं होतं. लॅचची किल्ली फिरेना, तर दरवाजा दमट हवेने फुगला होता. ऑफिसात सही करताना पेन बोटांतून निसटलं, तर हल्लीची पेनंच गुळगुळीत. कारणं चांगली होती, एकेकटी घेतली तर कुणालाही पटतील अशी. पण रात्री अंथरुणावर पडलं की ती सगळी एका रांगेत उभी राहायची, आणि रांगेच्या टोकाला बाबा दिसायचे, उजवा हात मांडीवर उपडा ठेवून बसलेले. म्हणून आज गिअर अडला तेव्हा आधी तेच दिसले होते. आणि मितेशने ग्रीस म्हटल्यावर ती रांग मोडली. गिअर जर ग्रीसने अडला असेल तर बटण काजाने अडलं असेल, किल्ली दमटपणाने. दोष जर खटक्यात असेल तर हातात नाही. एवढं एकच आज ठरायचं होतं, आणि ते घरी, गॅलरीत, अर्ध्या तासात ठरणार होतं.

घरी त्याची बायको सुलक्षणा ओट्यापाशी उभी राहून कोळंबी सोलत होती. रविवारी ती मासळी स्वतः साफ करायची; कोळणीकडून साफ करून आणलेली कोळंबी म्हणजे फसवणूक, असं तिचं स्पष्ट मत होतं. पतपेढीत आठवडाभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणारी ही बाई रविवारी कोळंबीचे दोरेही त्याच नजरेने काढायची. हर्षद सायकल उचलून आत आणत असताना हँडल दाराच्या चौकटीला लागलं आणि तिने मान वर न करता विचारलं, “आज लवकर?” तो म्हणाला, “गिअर अडलाय. खोलतो जरा.” “दुकानात टाक ना मग. तुला कुठे येतं?” “अर्ध्या तासाचं काम आहे गं. ग्रीस सुकलंय आतलं. सगळ्यांचं होतं.” सुलक्षणाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं आणि पुन्हा कोळंबीकडे वळली. त्याला ते पाहणं आवडलं नाही. ‘तुला कुठे येतं’ याचा राग यायला हवा होता, तो आला नाही. राग त्या न बोलण्याचा आला. गॅलरीत जाऊन त्याने जुने पेपर पसरले, सायकल भिंतीला टेकवली, हार्डवेअरच्या दुकानातून येताना घेतलेला गंज सोडवायचा स्प्रे ठेवला, जुना टूथब्रश ठेवला, आणि हॉलमध्ये जाऊन तिच्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची कुपी आणली. हे सगळं मांडून झाल्यावर तो पाटावर बसला, आणि मांडामांड पाहून त्याला उगाचच पूजेला बसल्यासारखं वाटलं.

खटक्यावरच्या झाकणाला दोन बारीक स्क्रू होते. स्टारचा स्क्रू ड्रायव्हर त्याने सरळ डाव्या हातात धरला. हे त्याने ठरवून केलं नाही, आणि केल्यावर लक्षात आलं तरी लक्षात आलं नाही असं दाखवलं, स्वतःलाच. कोपऱ्यात जागा कमी आहे, डावा हात बरा पडतो. पहिला स्क्रू सुटला, दुसरा खूप वेळ आढेवेढे घेऊन सुटला, झाकण निघालं. आत एवढ्याशा जागेत घड्याळात असावेत तसे दाते, पत्रे, केसासारखी स्प्रिंग. आणि या सगळ्यावर पिवळट तपकिरी थर, खालच्या बाजूला डिंकासारखा कडक झालेला. हर्षद किती तरी वेळ त्या थराकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरोखर आलं, आणि त्याने ते येऊ दिलं. सुकलेलं ग्रीस! मितेश, तुझ्या तोंडात साखर पडो. “सापडलं गं!” तो ओरडला, “सुकलंय सगळं, डिंक झालाय नुसता!” आतून सुलक्षणाचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. “बरं झालं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने परत म्हणाली, “बरं झालं हं.”

तो स्प्रे मारू लागला. नळीतून येणारा फवारा दात्यांवर पडायचा, थर मऊ व्हायचा, ब्रशने घासला की पेपरवर तपकिरी थेंब पडायचे. त्या उग्र वासाने बाबांच्या कपड्यांचा वास जवळ आला. गिरणीतून आलेल्या काशीराम परबांच्या सदऱ्याला तेलाचा आणि कापसाच्या धुळीचा मिळून एक वास यायचा, आणि लहानपणी हर्षदला तोच बापाचा वास वाटायचा. ते साचेवाले होते, एका वेळी चार साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारे, आणि साच्यातला तुटलेला धागा चालत्या मशीनवर गाठ मारून जोडायचे, अंगठा आणि तर्जनीच्या एका चिमटीत, बघणाऱ्याला दिसायचंसुद्धा नाही. मग संप झाला, संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि परब कुटुंब लालबागची खोली सोडून घाटकोपरला भटवाडीत आलं. बाबा आधी एका सोसायटीत वॉचमन झाले. त्यांचा हात गेला तो त्यानंतर. आधी चिमूट गेली. तंबाखू मळताना चुन्याची डबी उघडेना. मग उलट्या हातावर अंगठा आणि तर्जनीच्या मधे जो मांसल उंचवटा असतो तो बसत गेला आणि तिथे खळगा पडला, एवढा की लहानग्या हर्षदने एकदा खेळता खेळता त्यात गोटी ठेवली होती. बाबांनी ती पडू दिली नाही, हात स्थिर धरून बसले, आणि मग दोघं हसले.

हाताला काय झालं हे भटवाडीत कुणाला विचारावं लागलं नाही; सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं. संपानंतर कुणी दारू जवळ केली होती, कुणाचे डोळे गेले होते, कुणी बोलायचंच बंद केलं होतं. काशीरामचा हात गेला, एवढंच. “काम सुटला, हात गेलो,” बाबा स्वतः सांगायचे, अगदी शांतपणे, पाऊस पडला म्हणून माती ओली झाली असं सांगावं तसे. “धाग्याक लागलेलो हात ह्यो. धागो नाय तर तो करतलो काय?” शेजारी मान हलवायचे. आईने गावाहून उंडीचं तेल मागवून चोळलं, हाताला काम हवं म्हणून त्यांच्याकडून नारळ खवून घेतले, त्यांना वाती वळायला बसवलं. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही, कारण बेकारीला डॉक्टर काय करणार? हाताबरोबर मग मनगट गेलं, दुसरा हात गेला, जीभ जड झाली, आणि शेवटी शेवटी आई पेज चमच्याने घालायची ती गळ्याखाली उतरेनाशी झाली. तरीही अंत्यविधीला आलेले जुने गिरणीवाले एकमेकांना हेच सांगत होते की मालकांनी मारला काशीरामला. हर्षदनेही तेच धरून ठेवलं. बापाला मारणारा कुणी असावा, एखादी बंद पडलेली गिरणी असावी, एखादा कुलूप लावलेला दरवाजा असावा. दगड मारता येईल असं काहीतरी. आणि त्यातूनच त्याने स्वतःसाठी एक गोष्ट शिकून घेतली होती, की हात रिकामा ठेवायचा नाही. ऑफिसात दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या या माणसाने चाळिशी उलटल्यावर सायकल घेतली ते सगळ्यांना लॉकडाऊनचं खूळ वाटलं. त्याला मात्र माहीत होतं की तो मुठी आवळायला, ब्रेक दाबायला, गिअर टाकायला चालला आहे. हाताला काम आहे तोवर हाताला काही होत नाही.

दाते आता लख्ख झाले होते. त्याने फडक्याने टिपून घेतलं, मशीनच्या तेलाचे थेंब स्प्रिंगच्या मुळाशी, दात्यांच्या टोकांवर सोडले. तेल पाझरत गेलं तसं सगळं चकाकायला लागलं. झाकण बसवलं, स्क्रू आवळले, आणि एका हाताने सीट धरून सायकलचं मागचं चाक उचललं. पेडल कसं फिरवायचं? दोनच हात. मग सायकल उलटी करून सीटवर आणि हँडलवर उभी केली, डाव्या हाताने पेडल फिरवायला लागला. चाक गरगर फिरलं, आऱ्यांची नुसती एक झुळझुळ झाली. उजव्या हाताचा अंगठा त्याने खटक्यावर ठेवला. आता दाबायचं. दाबलं. खटका हलला, अर्ध्यावर गेला, आणि अर्ध्यावरून परत आला. चाक फिरतच होतं. तेल अजून मुरायचं असेल. त्याने शंभरपर्यंत मोजावं म्हणून मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून पुन्हा दाबलं. अंगठा वाकला. खटका नाही, अंगठा वाकला, सांध्यातून, विनंती केल्यासारखा. “झालं का रे?” आतून आवाज आला. “होतंय,” तो म्हणाला.

डाव्या हाताने दाबून बघणं अगदी सोपं होतं. हात इकडून तिकडे नेला की झालं. सकाळी आरेच्या चढावरही ते सोपं होतं, आणि महिन्याभरात बटणाच्या वेळी, किल्लीच्या वेळी, दर वेळी सोपं होतं. खरं तर डाव्या हाताने बटण लागत होतं, किल्ली फिरत होती. पण तो ते करायचा आणि त्यावर विचार करायचा नाही, काम झालं म्हणून पुढे जायचा. आता चाक फिरत होतं आणि पुढे जायला जागा नव्हती. गिरणीत बाबांच्या खात्यात एक पद्धत होती, ती त्याला आत्ता आठवली. साचा अडला, धोटा सरकेना, की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, लगेच पाना घेऊन साचा खोलायचा नाही. आधी शेजारच्या साच्यावरच्या माणसाला बोलवायचा आणि अडलेला साचा त्याच्या हाताने चालवून बघायचा. याला ते हातबदल म्हणायचे. दुसऱ्या हाताने चालला तर साचा ठीक आहे, त्या दिवशी माणसाचं काहीतरी बिघडलंय, ताप असेल, रात्रपाळीची झोप असेल. त्याला घरी पाठवायचं. दुसऱ्या हातानेही अडला तरच मशीन खोलायची. बाबा हे फार अभिमानाने सांगायचे, की त्यांच्या साच्यावर कधी हातबदल करावा लागला नाही. हर्षदने आज पद्धतच उलटी केली होती. आधी मशीन खोलली होती, आणि माणूस तपासायचा राहून गेला होता. आपल्या हाताने आपला हातबदल करणं त्याला बरोबर वाटेना. तो दुसऱ्याच माणसाने करायचा असतो.

“सुले,” त्याने हाक मारली, “जरा ये गं.” ती गाऊनला हात पुसत दारात आली. बोटांना कोळंबीचा वास होता, मनगटावर एक मिशी चिकटली होती. त्याने खटका दाखवला, पेडल कसं फिरवायचं ते दाखवलं. “हा अंगठ्याने दाबून बघ. मी हात धुऊन येतो.” “तूच दाब ना.” “माझे हात तेलकट झालेत, सरकतात.” हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मोरीत जाऊन त्याने नळ मोठा सोडला, साबण घेतला. त्याला समोर उभं राहून बघायचं नव्हतं आणि न बघताही राहवत नव्हतं. त्याने नळ बंद केला. गॅलरीतून चाक फिरल्याची झुळझुळ आली. मग ‘टक’. स्वच्छ, सुटा, तेलातून निघालेला. काही क्षण नुसतं चाक. मग पुन्हा ‘टक’, आणि लगेच आणखी एक. मग चाक हाताने धरून थांबवल्यासारखं एकदम थांबलं.

साबणाचा फेस हातावर तसाच होता. त्याला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण मटकन खाली बसू, तसं काही झालं नाही. रडूही आलं नाही. उलट एक विचित्र हलकेपणा आला, आणि त्यामागोमाग एवढं एकटेपण की त्याने मोरीचा कठडा धरला. बाबांनाही असंच झालं असेल का कधी, चुन्याची डबी हातात धरून? त्यांना माहीत असेल का, आणि माहीत असूनही ते गिरणीचं नाव घेत राहिले असतील का, आईला बरं वाटावं म्हणून? आणि आई? तेल चोळणाऱ्या हाताला सगळं कळत असणार. एवढ्या मोठ्या चाळीत, एवढ्या माणसांत, दोघं जण एकमेकांसाठी न कळल्याचं सोंग करत बसली असतील, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि तो त्याला बापाच्या मरणापेक्षाही वाईट वाटला. त्याने हात धुतले, पुसले, बाहेर आला.

सुलक्षणा सायकलपाशी उभी होती. “नाही रे,” ती म्हणाली, “घट्टच आहे. मलाही नाही जमत. तू उगाच खोललंस, दुकानात टाक.” तो तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला. तिला ते बघणं सहन झालं नाही. “थांब, परत बघते,” म्हणत ती वाकली, दोन्ही अंगठे खटक्यावर ठेवले, ओठ दुमडले, कोपरं बाहेर काढली, मान ताठ केली. फार मन लावून करत होती बिचारी. तिच्या अंगठ्यांची नखं मात्र जराही पांढरी झाली नाहीत; ती दाबतच नव्हती. पतपेढीत खोटी सही लांबून ओळखणाऱ्या या बाईला स्वतःला खोटं करता येत नव्हतं, आणि हर्षदला तिची फार माया आली. आता नुसतं ‘बरं, टाकतो दुकानात’ म्हटलं की झालं. ती सुटेल, तो सुटेल. कोळंबीचं कालवण होईल, दोघं जेवतील, उद्या सायकल कुठेतरी टाकायची, दुकानवाला सांगेल ते ऐकून घ्यायचं, नवा खटका घ्यायचा, काजं मोठी करून घ्यायची. बरेच दिवस निघतील. बाबांचे निघाले होते.

“सुले,” तो म्हणाला. “राहू दे. सोड तो.”

तिने खटका सोडला. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि उजवा हात तिच्यापुढे उपडा धरला, लहान मूल शाळेत नखं दाखवायला धरतं तसा. “हा बघ जरा. इथे, अंगठ्यापाशी. मला एकट्याला नाही बघवत.”

ती खाली बसली. हाताकडे तिने पाहिलंच नाही. डोळे त्याच्या तोंडावर ठेवूनच तिने आपला अंगठा नेमका त्या खळग्यात ठेवला, जराही न चाचपडता.

“बघितलाय,” ती म्हणाली. “गणपतीपासून बघतेय. तू झोपलास की रोज बघते.”